राणीछाप रुपया आणि आपली अक्कल

मागच्या शनिवारी गावी गेलो होतो. पोलादपूरपासून आत, एसटी दिवसातून दोनदा येते ते गाव. चहा व्हायच्या आधीच काकांनी डबा पुढे केला. आत आजीचे अकरा राणीछाप आणि राजाछाप रुपये, दोन पावल्या, मूठभर भोकाचे पैसे. पणजोबा पलटणीत होते, त्यांच्या पेन्शनीतले.

"दहा लाखाला गिऱ्हाईक मिळालंय," काका म्हणाले. मग हळूच, "फक्त नोंदणीचे भरावे लागले."

नोंदणी, मग जीएसटी, मग 'एनओसी'. एकूण चौदा हजार गेले. गिऱ्हाईकाचा फोन अर्थातच बंद.

"अरे, कागदावर रिझर्व बँकेचा शिक्का होता!"

आता तुम्ही म्हणाल, गावातली साधी माणसं, फसणारच. थांबा राव. काकांना तो व्हिडिओ पाठवला कोणी? माझ्या सख्ख्या चुलत भावाने. हिंजवडीत बसतो, पगार माझ्यापेक्षा जास्त. "आपल्याकडे आहेत का बघा" एवढं लिहून फॉरवर्ड केला आणि विसरला. रिझर्व बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं होतं की जुन्या नाण्यांच्या व्यवहारात बँक पडत नाही आणि त्यासाठी कसलीही फी मागत नाही. ते मात्र कोणी फॉरवर्ड केलं नाही. म्हणून माझा राग चोरावर आहेच, पण त्याहून जास्त आपल्यावर आहे.

आपण नेटवर 'दहा लाख' वाचतो ती मागितलेली किंमत असते. मी माझ्या जुन्या बाईकची किंमत एक कोटी लिहिली म्हणून ती कोटीची होते का? नाणं खरंच कितीला गेलं ते बघायचं. मुंबईत नाण्यांचे रीतसर लिलाव होतात, त्यांचे निकाल छापले जातात. ते कंटाळवाणे असतात, म्हणून त्यांचा व्हिडिओ होत नाही.

दुसरं खूळ म्हणजे 'जुनं तेवढं महाग'. साफ चूक. १८६२ साल छापलेला व्हिक्टोरियाचा रुपया पुढची कित्येक वर्षं तेच साल ठेवून पाडला जात होता, म्हणून तो ढिगाने सापडतो. उलट १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया बघा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, बोंब झाली, बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली आणि पुढच्या वर्षी चित्र बदललं. तो पन्नास वर्षांनी तरुण, पण भाव जास्त. वय नाही, किती उरली आणि कुठल्या अवस्थेत उरली ते बघतात.

आणि राम-सीता-हनुमान छापलेला १८१८ चा 'कंपनीचा आणा' कोणी दाखवला तर हात जोडा. कंपनीने असली नाणी कधी पाडलीच नाहीत. तांदूळ ओढणाऱ्या तांब्याच्या नाण्याबद्दल तर बोलायलाच नको. रायगड इतका जवळ, म्हणून आमच्याकडे प्रत्येक शिवराई थेट १६७४ ची असते! शिवराया पेशवाईतही पाडल्या जात होत्या हो.

मग करायचं काय? हिशेब सोपा आहे. १९३९ पर्यंतच्या चांदीच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, चांदी साधारण ९१.७ टक्के, म्हणजे १०.७ ग्रॅम शुद्ध. १९४० पासून चांदी निम्मी. १९४७ चा तर निकेलचाच. त्या दिवशीच्या भावाने गुणा. सोनाराने याच्या खाली फार मागितलं तर डबा बंद करून उठा. याच्या फार वर कोणी बोललं तर आधी नाणं जाणकाराला दाखवा. पैसे आधी मागितले तर फोन ठेवा. चिंच, पितांबरी लावू नका. घासलेलं नाणं संग्राहक घेत नाही. आणि पाया खणताना जमिनीत हंडा लागला तर १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, कलेक्टरला कळवावं लागतं.

हे सगळं समजायला मला एक दुपार लागली. माझा भाऊ रोज याहून अवघड कोड वाचतो. त्याला ती दुपार काढावीशी वाटली नाही, आणि खरं सांगू, काकांचा फोन दोनदा कट केला होता तो मीच.

रविवारी आम्ही सोनाराचा काटा आणून अकरा रुपये तोलले. तीन १९४० नंतरचे निघाले. एकाला आजीने गळ्यात घालायला कडी डाखून घेतली होती, म्हणजे त्याला फक्त वजनाचा भाव. काकांनी तोच उचलून घेतला आणि म्हणाले, "हा राहू दे घरात."

असो. या वीकेंडला घरी फोन करा. डब्यात काय आहे ते विचारा, आणि कोणाला पैसे भरलेत का तेही.