सावली कोणाच्या बापाची?

मार्च उलटला की पेपरवाल्यांना कातडीची काळजी लागते. रंगीत पुरवणीत पाऊण पान. दुपारी १२ ते ४ घराबाहेर पडू नका. पडलात तर छत्री घ्या, गॉगल घाला. सनस्क्रीन लावा, दर दोन तासांनी परत लावा. कलिंगड खा. त्वचेला उन्हासाठी आधीपासून तयार करा.

वाचून एकच प्रश्न पडतो. हे सांगताय कोणाला?

मी चाळीसगावात एका डाळमिलीत कामाला आहे. तूर भरडण्याआधी काय करतात ते ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. तुरीच्या दाण्याला आधी ओरखडे पाडतात, मग तेल चोळतात, ढीग लावून मुरू देतात आणि मग आवारात फरशीवर पसरून कडक उन्हात वाळवतात. एक दिवस नाही, काही दिवस. तेव्हा कुठे साल सुटते. मोठ्या मिलींनी आता यंत्रं बसवलीत, आमच्याकडं अजून सूर्यच फुकटात राबतो. आणि सूर्याबरोबर आम्ही. पायानं, फळीनं डाळ फिरवत राहायचं. तळपायाला फरशी, डोक्याला आभाळ. शेठ तुरीची कातडी उन्हासाठी तयार करतो, तिला तेल लावतो. आमची साल बिनतेलाची सुटते.

आता पुरवणीवाल्या बाई सांगतात, १२ ते ४ बाहेर पडू नका. बाई, आमची हजेरीच त्या वेळची आहे. ऊन चढलं की डाळ वाळते. म्हणजे तुमची घरात बसायची वेळ तीच आमची राबायची वेळ. हा योगायोग आहे असं ज्याला वाटतं त्यानं इतिहास वाचलेला नाही.

दोस्तहो, पेशवाईतल्या पुण्याची गोष्ट आपल्या पोरापोराला पाठ आहे. गळ्यात मडकं, कमरेला झाडू. पण त्यातली एक गोष्ट आपण नीट उलगडून बघत नाही. महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आत शहराच्या वेशीत यायला बंदी होती अशी नोंद आहे. का? तर सकाळ-संध्याकाळ सावली लांब पडते आणि ती बामणाच्या अंगावर गेली तर तो बाटतो. आता याचं उलटं करून बघा. आम्हाला शहरात यायची परवानगी कधी? नऊ ते तीन. सूर्य डोक्यावर आणि सावली पायाखाली असताना. विटाळ होता सावलीचा, शिक्षा मिळाली उन्हाची. आज पेपरात डॉक्टर ज्या वेळेला धोक्याची वेळ म्हणतो, बरोबर तीच वेळ धर्मानं आमच्या नावावर लिहून दिली होती. सात-बारा आमच्या नावावर नव्हता, दुपार तेवढी होती.

आणि मग एक सिद्धांत तयार झाला. ह्या लोकांना ऊन लागत नाही. ह्यांची कातडी राकट. शेठ हे बोलतो, मुकादम बोलतो. त्याचं दुःख नाही, तो त्याच्या फायद्याचं बोलतो. दुःख याचं की आपली पोरंही छाती काढून तेच बोलतात. "तुले काय ऊन लागस का रे भो?" असं विचारलं की नवा पोरगा डोक्याचा रुमाल काढून खांद्यावर टाकतो. मर्दानगी! साला, शत्रूनं आपल्याबद्दल रचलेली थाप आपण शर्टाला बिल्ल्यासारखी लावून फिरतो.

म्हणून आधी ही थाप शास्त्रानं फोडू. आपल्या कातडीत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य जास्त असतं. ते सूर्याच्या अतिनील किरणांना काही प्रमाणात अडवतं. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्यांना कातडीचा कॅन्सर जितका होतो तितका आपल्याला होत नाही. हे खरं आहे आणि यात लाजण्यासारखं काही नाही. काळा रंग म्हणजे लाखो वर्षांत माणसाच्या अंगानं स्वतःच विणलेली ढाल आहे. पण ती अर्धीच ढाल. ती किरण थोडे अडवते, उष्णता मुळीच अडवत नाही. काळ्या माणसाला उष्माघात होतो, गोऱ्यालाही होतो. गालावर वांग येतात, कातडी लवकर सुरकुतते, डोळ्यात मोतीबिंदू लवकर उतरायला मदत होते. आपल्या वस्तीत पन्नाशीतली बाई सत्तरीची का दिसते, याचं थोडं उत्तर इथं आहे. उरलेलं उत्तर तिच्या ताटात आहे.

बरं, कातडी रापली म्हणजे तयार झाली, ही दुसरी थाप. रापणं म्हणजे कातडीला झालेल्या इजेची खूण. त्यानं मिळणारं संरक्षण अगदी किरकोळ. तयार होतं ते कातडं नाही, आतलं शरीर. उन्हाच्या कामाला अंग सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, काळजावरचा ताण उतरतो. म्हणून अमेरिकेतल्या निऑश या सरकारी संस्थेनं सांगून ठेवलंय की उन्हातल्या कामावर आलेल्या नव्या माणसाकडून पहिल्या दिवशी पाचवा हिस्साच काम घ्या आणि रोज तेवढंच वाढवत न्या. आमच्याकडं उलटं. नवा पोरगा म्हणजे ताजा दम, त्याला पहिल्याच दिवशी मधल्या फरशीवर ढकलतात. आठ-दहा दिवस गावी जाऊन आलेल्यालाही तसंच. अंगाचा सराव तेवढ्यात उतरायला लागतो, हे मुकादमाला कोणी सांगायचं?

आता मलमाचा हिशेब. सनस्क्रीन खोटं नाही. नीट लावलं तर किरण अडवतं. पण अंगभर लावायचं तर एका वेळेला सुमारे ३० ग्रॅम लागतं. आपण तोंड, मान, हात, पाय एवढंच उघडं धरू, तर अंदाजे १० ग्रॅम. घाम येतो म्हणून दर दोन तासांनी परत. आठ तासांच्या पाळीत चार वेळा, झाले ४० ग्रॅम. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब दीड दिवसही पुरत नाही. ट्यूबची किंमत दुकानात विचारा आणि आपल्या हजेरीशेजारी मांडा. आणि एवढं करून उष्णता तशीच. ज्याला कोड आहे त्याला मात्र हे मलम हवंच, कारण त्या पांढऱ्या डागांना ढालच नसते. ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळालं पाहिजे, ही मागणी लिहून ठेवा.

मग आपल्याला काय? आपल्या बायांनी याचं उत्तर कधीच शोधलंय. शेतात जाताना लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलबाहीचा शर्ट चढवतात. त्याला हसणाऱ्या शहाण्यांनी ऐकावं, डॉक्टर जे सांगतात ते हेच आहे. घट्ट विणीचं जाड सुती कापड, सैल, अंगभर. पातळ पांढऱ्या कापडातून किरण आत येतात, ते ओलं झालं की जास्तच येतात. म्हणून उष्म्यासाठी रुमाल भिजवा पण तो जाड ठेवा. आपला खानदेशी बागायती रुमाल डोकं, कान, मान सगळं झाकतो. पायात काहीतरी हवंच. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. तहान लागायची वाट बघायची नाही. आणि खिशातला कांदा? तो भाकरीबरोबर खा. खिशात ठेवून ऊन शोषून घेत नाही तो. बाबासाहेबांनी गंडेदोरे तोडले ते कांदा बांधण्यासाठी नाही.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या आवारात एक मावशी बडबडायला लागली. असंबद्ध. चारजण हसले. कोणी म्हणालं, अंगात आलं. मग ती कोसळली. तिच्या अंगावर पाण्याच्या बादल्या ओतल्या, गोणपाटानं वारा घातला, गाडीत घालून नेलं. वाचली. मालकानं त्या दिवसाची अर्धी हजेरी कापली. म्हणून ध्यानात ठेवा: उन्हातला माणूस वेड्यासारखा बोलायला लागला की ते भूत नाही, उष्माघात आहे. सावलीत न्या, कपडे सैल करा, पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

पण दोस्तहो, रुमाल आणि मीठपाणी म्हणजे लढाई नाही. ती फक्त लढाईपर्यंत जिवंत राहायची सोय आहे.

आपल्या जिल्ह्यात रावेर-यावलकडं जाऊन बघा. केळीच्या बागेला कडेनं हिरवी जाळी लावतात, उष्ण वारा लागू नये म्हणून. घडांवर पिशव्या घालतात, साल करपू नये म्हणून. छान आहे. केळीची काळजी घ्यावीच. पण त्याच बांधावर उघड्या पाठीनं वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर जाळी नाही. का? केळीची साल डागाळली तर भाव पडतो. माणसाची डागाळली तर दुसरा माणूस मिळतो.

१६ एप्रिल २०२३ आठवा. खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा. पाहुण्यांना छप्पर, लाखो माणसं उघड्यावर. उष्माघातानं १४ जीव गेले. आपण तेव्हा सरकारवर तुटून पडलो, बरोबर केलं. पण आपल्याकडंही बघू. १४ एप्रिलला आपल्या सभेत मंडप कोणाच्या डोक्यावर असतो? व्यासपीठावरच्या पुढाऱ्याच्या. खाली लेकरं घेतलेल्या बाया दोन-दोन तास तापत बसतात आणि पुढारी समतेवर बोलतो. ज्या चळवळीत सावली मंचापुरती आहे तिनं चवदार तळ्याचं नाव घेऊ नये. पाणी सगळ्यांचं असतं तशी सावलीही सगळ्यांचीच असते.

आणि घरात? वधू-वर मेळाव्याची पुस्तिका उघडा. जयभीमवाल्यांचीच. मुलगी गोरी, सडपातळ, सुस्वरूप. पोरीला आई म्हणते, उन्हात जाऊ नको, काळी पडशील. आजारी पडशील असं म्हणत नाही! १९७५ साली बाजारात आलेल्या एका गोरेपणाच्या क्रीमनं २०२० साली नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' केला. अमेरिकेत काळ्या माणसाच्या गळ्यावर गोऱ्या पोलिसाचा गुडघा पडला, जग पेटलं, तेव्हा ह्यांना डबीवरचं नाव बोचलं. आपण आपल्या पुस्तिकेतला शब्द कधी काढणार? ऊन टाळायचं ते गोरं राहण्यासाठी नाही, धडधाकट राहण्यासाठी. हा फरक ज्याला कळला नाही तो मनूलाच चेहऱ्याला चोळून फिरतोय.

हे चाळीसगाव आहे. १९२९ साली बाबासाहेब इथं उतरले तेव्हा एकही टांगेवाला त्यांना महारवाड्यात न्यायला तयार झाला नाही. आपल्या माणसांनी मान राखायचा म्हणून टांगा भाड्यानं घेतला आणि आपल्यातल्याच एकाला हाकायला बसवलं. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. नदीवरच्या फरशीवर घोडा उधळला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. मूळ गुन्हा जातीचाच. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. मान राखायला नुसती छाती पुरत नाही, तयारी लागते. रुमाल फेकणाऱ्या पोरांनो, तुमचं 'मला ऊन लागत नाही' हे त्या टांग्यासारखं आहे. अभिमान खरा, हातात लगाम नाही.

लगाम कुठं आहे ते सांगतो. २०२४ च्या मे अखेरीस जळगावच्या जिल्हाधिकाऱ्यांनी १४४ कलमाखाली उष्म्यासाठी हुकूम काढला. मजुरांना भर उन्हात राबवू नका, राबवायचं तर निवाऱ्याची, गारव्याची सोय करा. हुकूम चांगला. पण निघाला कधी? उन्हाळा सरताना. जूनच्या पहिल्या आठवड्यात संपला. आणि आवारात तो आम्हाला वाचून कोणी दाखवला? कतारसारख्या देशात, जिथं मजुराला संघटना करणंही मुश्कील, तिथंसुद्धा जगानं बोंब मारल्यावर २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम कायद्यानं बंद आहे. शेखांना जमतं ते आमच्या लोकशाहीला का जमू नये?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं सांभाळत होते. १९४६ साली कारखाना कायद्यात आठवड्याचे ४८ तास आले. किती तास राबायचं ते त्यांनी ठरवून दिलं. कोणते तास राबायचं ते आपण ठरवून घ्यायचं आहे.

म्हणून येत्या फेब्रुवारीतच निवेदन तयार ठेवा. मे अखेरीस नको, १ मार्चपासून हुकूम काढा आणि पाऊस पडेपर्यंत चालू ठेवा. ११ ते ४ उघड्यावरचं काम बंद, पहाटे आणि संध्याकाळी पाळी, हजेरी पूर्ण. आवारात छप्पर, माठ, पायात चप्पल मालकाच्या खर्चानं. नव्या माणसाला सरावाचे दिवस. हुकूम मराठीत, दारावर डकवलेला. निवेदनावर फक्त कार्यकर्त्यांच्या सह्या नकोत. आवारातल्या मावश्यांचे अंगठे हवेत. आणि येत्या जयंतीला आधी खाली मंडप घाला. उरलं कापड तर मंचाला.

त्यांनी आमची सावलीसुद्धा मोजली होती, कुठवर पडते म्हणून. आता आम्ही त्यांची मोजणार आहोत. कुठवर पडते, आणि आमच्या डोक्यापर्यंत का येत नाही.

जयभीम.