वाडा गेला, खंदक उरला

खंदक हा शब्द उर्दूत तोच आणि मराठीतही तोच. तो कानावर पडला की आपल्याला मदीनेचा गजवा-ए-खंदक आठवतो, नाहीतर नगरचा भुईकोट किल्ला. म्हणजे शत्रू चालून येणार म्हणून खणलेला. इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत मात्र सुमारे ६,००० ठिकाणी जुने खंदक आहेत आणि त्यांतले बहुतेक लढाईसाठी नव्हतेच.

ते मुख्यतः १२५० ते १३५० या काळातले. गावचा जमीनदार चिकणमातीच्या जमिनीत खंदक खणून घेई, त्यात पाणी साठवी आणि मधल्या बेटावर वाडा बांधी. खऱ्या फौजेला एवढ्याशा पाण्याने काय अडणार? चोर आणि मोकाट गुरे अडत, इतकेच. मोठा उपयोग शेजाऱ्यापाजाऱ्यांना दिसण्याचा! लग्नाच्या मांडवाला एवढी मोठी कमान कशाला लागते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा खंदकही समजेल.

नॉरफोकमधल्या ऑक्सबर्ग हॉलसारखे थोडे वाडे आजही पाण्यात उभे आहेत. पण बहुतेक ठिकाणी वाडा केव्हाच गेला. उरला तो गवताने भरलेला चर, त्यात चरणाऱ्या मेंढ्या. पाहणारा म्हणेल, इथे आहे काय?

तरीही यांतल्या अनेक जागा १९७९ च्या कायद्याने संरक्षित आहेत. जमीन मालकाचीच राहते, मेंढ्यांनाही कोणी हाकलत नाही. पण खणायचे, भर टाकायची, बांधकाम करायचे तर सरकारची लेखी संमती हवी. धातू शोधण्याचे यंत्र घेऊन परवान्याशिवाय फिरणे हाही गुन्हा.

एवढी काळजी कशाची, तर गाळाची. ओल्या गाळात हवा पोचत नाही, म्हणून लाकूड, चामडे, बिया ७०० वर्षांनीही टिकून राहतात. जमीनदाराचे नाव दप्तरात सापडते. त्याच्या नोकराचा फाटका जोडा आणि स्वयंपाकघरातून फेकलेल्या फळांच्या बिया सापडल्या तर अशा गाळातच. शेताचा निचरा करून खंदक सुकवला की हवा शिरते आणि सगळे कुजून जाते. कित्येक खंदक तर नांगराखाली सपाट झाले.

इंग्रजांनी हिंदुस्थानातही १९०४ मध्ये प्राचीन स्मारकांचा कायदा केला. आज आपल्याकडे १९५८ चा लागू आहे. त्याची निळी पाटी किल्ल्याच्या दरवाजापाशी दिसते. खंदकात मात्र प्लास्टिकच्या पिशव्या आणि राडारोडा. आम्ही शिक्षक मंडळीही सहलीत मुलांना बुरूजच मोजायला लावतो. यंदा त्यांना खंदकाच्या काठावर थोडा वेळ बसवणार आहोत.