दूरचा रस्ता किती दूर?

विद्यार्थिमित्रांनो, हिंगोली जिल्ह्यातला वारंगा फाटा तुमच्यापैकी पुष्कळांनी एसटीच्या खिडकीतून पाहिला असेल. नांदेडहून आलेला रस्ता इथे दुभंगतो. एक वाट आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीकडे व पुढे अकोल्याला जाते. दुसरी हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ, नागपूरकडे. १६१ आणि ३६१ हे दोन राष्ट्रीय महामार्ग या ठिकाणी एकत्र येतात. त्यांच्या अवतीभवती गावांना गावे जोडणारे अरुंद डांबरी रस्ते आहेत. त्यांवरून मोटारसायकली जातात, मधूनच एखादा ट्रॅक्टर, एखादी बैलगाडी. आता प्रश्न असा, की सायकलने शाळेला जाणाऱ्याने कोणता रस्ता धरावा? माझे मत विचाराल तर आडरस्ताच धरावा. ‘पण तो लांबचा, शिवाय चढउताराचा!’ असे तुम्ही म्हणाल. ठीक आहे. तो किती लांबचा, हे आपण मोजूनच पाहू.

तुमचे वजन ४५ किलो आणि दप्तरासह सायकलचे १८ किलो धरा. एकूण ६३ किलो. हे ओझे २० मीटर उंच, म्हणजे साधारण सहा मजली इमारतीइतके, चढवायला ६३ × ९.८ × २० म्हणजे सुमारे १२,३०० ज्यूल ऊर्जा लागते. आता सपाटीवर ताशी १५ किलोमीटर वेगाने जाताना काय होते? समोरची हवा आणि टायरचे घर्षण मिळून साधारण १२ न्यूटन बलाने तुम्हांला अडवतात. एक किलोमीटरभर हा विरोध मोडायचा, म्हणजे १२,००० ज्यूल. मौज पाहा! २० मीटरचा चढ म्हणजे सपाटीवरचा एक जादा किलोमीटर, यापलीकडे काही नाही.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशांवर समोच्च रेषा बहुधा २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. तेव्हा चढताना ओलांडलेली प्रत्येक रेषा म्हणजे एक किलोमीटर, असा सोपा हिशेब ठेवा. उतारावर त्यातले बरेचसे परत मिळते. ब्रेक दाबून आपण ते उधळतो ती गोष्ट वेगळी.

आपले स्नायू खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग कामात आणतात, बाकीची उष्णता होते. तरीही २० मीटरच्या चढाला सुमारे १२ किलोकॅलरी पुरतात. ज्वारीच्या एका बऱ्यापैकी भाकरीत २४० च्या आसपास असतात. म्हणजे चढाची किंमत भाकरीचा एक घास! आडरस्ता दोन किलोमीटरांनी लांब असला आणि त्यात असे दोन चढ असले, तरी चार घासांत काम भागते. वेळ मात्र पंधरा-वीस मिनिटे जास्त लागतो, हे मान्य केले पाहिजे. तेवढे लवकर उठावे लागेल.

महामार्गाचाही हिशेब असाच मांडा. ताशी ८० किलोमीटर वेगाचा ट्रक सेकंदाला सुमारे २२ मीटर धावतो. थांबलेल्या सायकलवरून निघून चौपदरी रस्ता ओलांडायला तुम्हांला आठ सेकंद लागले, तर तेवढ्यात तो १७५ मीटरांहून अधिक अंतर कापतो. लांब दिसणारा ट्रक लांब नसतो, तो असा. वेग चौपट झाला की गतिज ऊर्जा सोळापट होते, हे तर तुम्ही पुस्तकात शिकलाच आहात. शिवाय अगदी जवळून ट्रक गेला, की त्याने पुढे लोटलेली हवा तुम्हांला प्रथम बाहेर ढकलते आणि लगेच आत ओढते. सायकलचा तोल जायला तेवढे पुरते. हे सारे भाकरीच्या घासांत कसे मोजायचे?

आडरस्त्याला शत्रू नाहीत असे नाही. हा सारा प्रदेश बेसाल्ट खडकाचा. तो झिजून उंचवट्यावर तांबूस मुरूम आणि पातळ माती राहिली, तर सखल भागात जाड काळी माती साचली. चढ चढताना रस्त्याकडेचा रंग पालटतो तो यामुळे. ही काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दरवर्षी हे घडते, आणि वरचे डांबर तुटते ते आधी कडेने, म्हणजे नेमके जिथून सायकल जाते तिथून. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. फार चांगली गोष्ट आहे. परंतु सायकल दिली आणि रस्त्याच्या कडा तशाच राहिल्या, तर मुलगी महामार्गाकडेच वळणार. पावसाळा संपताच या कडांवर मुरूम टाकून त्या दाबून घेणे आणि बाजूच्या चरातून पाणी वाहते ठेवणे, एवढे काम व्हायला हवे. शिक्षकांनी वर्गाकडून शाळेला येणाऱ्या वाटांचा नकाशा करून घ्यावा, तुटलेल्या कडा त्यावर टिपाव्यात आणि तो ग्रामसभेपुढे ठेवावा असे मला वाटते. भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला याहून चांगला विषय कोणता?

निर्जन रस्त्याची भीती वाटते, असे मुली सांगतात. ती खोटी नव्हे. चौघी-पाचजणींनी मिळून निघावे, आणि शेतात माणसे असतात अशीच वाट निवडावी. अगदी ओसाड वाट शांत असली तरी नको. पंक्चरचे सामान आणि हवेचा पंप एकीजवळ तरी असू द्या. आणि महामार्ग ओलांडण्यावाचून गत्यंतर नसेल, तर खाली उतरून, सायकल हातात धरूनच ओलांडा.

जाताजाता तुमच्यासाठी एक शोधकाम. कळमनुरीकडचे पावसाचे पाणी कयाधूला मिळते. कयाधूतून ते पैनगंगेत, तिथून वर्धेत, मग प्राणहितेत जाते आणि शेवटी गोदावरीत पडते. अर्धापूरकडचे पाणी मात्र आसनेतून नांदेडजवळच गोदावरी गाठते. या दोन पाण्यांना वेगळे करणारा कणा मधल्या माळावरून गेला आहे. त्याच्यावर कुठे पाटी लावलेली नाही. सायकलवर बसलेल्याला तो पायांत कळतो. पुढच्या सुट्टीत नकाशा घेऊन निघा, चढ जिथे संपेल तिथे थांबा आणि दोन्ही बाजूंचे ओढे कोणीकडे वाहतात ते पाहून वहीत टिपून ठेवा.