‘बाय’च्या पुढचा माणूस

दहावी-बारावीच्या इंग्रजीत हमखास मिळणारा मार्क कुठला, असं आमच्या शहापुरात कुणालाही विचारा. ‘चेंज द व्हॉईस’! कर्ता उचलायचा, शेवटी नेऊन ठेवायचा, त्याच्याआधी ‘बाय’ लावायचं. कर्म पुढे आणायचं, क्रियापदाचं तिसरं रूप घ्यायचं, काळ बघून ‘इज’, ‘वॉज’ नाहीतर ‘हॅज बीन’ बसवायचं. झालं. वाक्याचा अर्थ कळला नाही तरी मार्क कुठे जात नाही.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. खरं तर मला हे आवडायला हवं. इनपुट, फंक्शन, आउटपुट. पण सुट्टीत गावी गेलो की शेजारपाजारची पोरं वह्या घेऊन येतात, मुरबाडची भावंडं आली की तीही बसतात. त्या वह्या बघून माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललंय, की आपण हा धडा अर्धाच शिकवतो. वाक्य कसं फिरवायचं ते शिकवतो. का फिरवायचं, हे कुणीच सांगत नाही.

आता मराठी माध्यमातल्या पोरांची खरी पंचाईत बघा. मराठीच्या तासाला ती शिकतात, ‘राम आंबा खातो’ हा कर्तरी प्रयोग आणि ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी. का, तर आंबा खाल्ला, चिंच खाल्ली, केळं खाल्लं. क्रियापद कर्माच्या मागे धावतं. पुढच्याच तासाला इंग्रजीचे सर फळ्यावर लिहितात ‘राम एट अ मँगो’ आणि सांगतात, हे अ‍ॅक्टिव्ह! पोरगं गोंधळणार नाहीतर काय? मग ‘अ मँगो वॉज ईटन बाय राम’ यासाठी ‘रामाकडून आंबा खाल्ला गेला’ असं मराठी तयार होतं. असं आपल्याकडे घरात कुणी बोलतं का? व्याकरणाची पुस्तकंसुद्धा या ‘कडून’वाल्या प्रकाराला नवीन कर्मणी म्हणतात आणि तो इंग्रजीच्या वळणाचा असल्याचं सांगतात.

म्हणजे नावं सारखी वाटली तरी भानगड वेगवेगळी आहे. आपल्या जुन्या कर्मणीत राम कुठेही जात नाही. तो वाक्याच्या सुरुवातीला ठाण मांडून असतो, फक्त त्याला ‘ने’ लागतो. इंग्रजी पॅसिव्हमध्ये मात्र रामाची जागाच बदलते. तो मागे जातो, आणि मागे गेलेला माणूस वाक्यातून गळला तरी वाक्य अडत नाही. ‘द मँगो वॉज ईटन.’ कुणी खाल्ला? वाक्य गप्प.

माझ्या मते सगळा धडा या गप्प राहण्यात आहे. आणि नेमकं तेच वहीत नसतं, कारण तिथे प्रत्येक वाक्याला शेपटासारखं ‘बाय’ चिकटवायची सक्ती असते. प्रत्यक्षात इंग्रजी बोलणारे बहुतेक वेळा पॅसिव्हमध्ये ‘बाय’ लावतच नाहीत. ‘आय वॉज बॉर्न इन शहापूर’ म्हणताना ‘बाय माय मदर’ कोण म्हणतं?

मराठीत माणूस गाळायची सोय नाही असं समजू नका. आपल्याकडे ती जास्तच आहे. सरकारी ‘-ण्यात आले’ घ्या. आमच्या दोन्ही तालुक्यांचा इतिहास या एका क्रियापदात मावेल. तानसा धरण १८९२ साली बांधण्यात आले. भातसाचे पाणी मुंबईला देण्यात आले. मुरबाडकडचं बारवी धरण बांधण्यात आले, मग त्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आली, गावे हलवण्यात आली. कुणी ठरवलं? कुणाची जमीन? मुंबईच्या पाण्यात निम्म्याच्या आसपास वाटा एकट्या भातसाचा, आणि त्याच शहापूर तालुक्यात उन्हाळ्यात गावापाड्यांवर टँकरची वाट बघतात. त्याबद्दलचं वाक्य काय? ‘टंचाई निर्माण झाली.’ जणू टंचाई स्वतःच कसारा लोकलने आली आणि आसनगावला उतरली.

हे ‘झाली’ तर पॅसिव्हपेक्षाही पुढचं आहे. १ ऑगस्ट २०२३च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरळांबे इथं समृद्धी महामार्गाच्या पुलाचं काम चालू असताना गर्डर बसवायचं अवजड यंत्र कोसळलं आणि २० कामगार गेले. अशा वेळी इंग्रजी बातमी ‘वर्कर्स किल्ड’ म्हणते. ते पॅसिव्ह आहे, पण त्यात निदान एक रिकामी खुर्ची राहते, ‘बाय’ची. कशामुळे, कुणामुळे, हा प्रश्न तिथे बसू शकतो. मराठीत आपण ‘मृत्यू झाला’ म्हणतो. इथे खुर्चीच नाही. तेव्हा पॅसिव्हला उगाच शिव्या घालण्यात अर्थ नाही. ऑर्वेलने १९४६च्या निबंधात अ‍ॅक्टिव्ह चालत असेल तिथे पॅसिव्ह वापरू नका असा नियम दिला, आणि तेव्हापासून वर्ड प्रोसेसरपर्यंत सगळे पॅसिव्हच्या मागे लागलेत. पण लपवाछपवी क्रियापदाच्या रूपात नसते. ती लिहिणाऱ्याच्या निवडीत असते.

कधीकधी ती निवड चांगलीही असते. आमच्याकडे सिस्टिम कोलमडली की नंतर अहवाल लिहितात, त्याला ‘ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम’ म्हणतात. त्यात ‘चुकीची कॉन्फिगरेशन फाईल टाकली गेली’ असंच लिहायचं, कुणी टाकली ते नाही. कारण नाव आलं की सगळे त्या पोराकडे बघतात आणि अशी फाईल सिस्टिमने स्वीकारलीच कशी, हा मुख्य प्रश्न बाजूला पडतो. उलट १९८७ साली रेगन यांनी इराणला विकलेल्या शस्त्रांच्या प्रकरणावर बोलताना ‘मिस्टेक्स वेअर मेड’ म्हटलं. रूप एकच, पण एका ठिकाणी माणूस गाळल्यामुळे कारण दिसतं, दुसरीकडे माणूस गाळल्यामुळे तो सुटतो.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते ते सांगतो. आमच्याकडची पोरं डिग्री घेऊन ऐरोलीला, ठाण्याला इंटरव्ह्यूला येतात. कॅम्पसच्या वेळी मीही कधीकधी समोरच्या बाजूला बसलेला असतो. ‘प्रोजेक्टमध्ये तू काय केलंस?’ ‘सर, डेटाबेस वॉज डिझाईन्ड. टेस्टिंग वॉज डन.’ व्याकरण शंभर टक्के बरोबर! पण समोरच्याला वाटतं, हा नुसता ग्रुपमध्ये बसून होता. खोदून विचारलं की कळतं, अर्धा कोड यानेच लिहिलाय. शहरातला पोरगा त्याच्या चौथाई काम करून बिनधास्त ‘आय बिल्ट’ म्हणतो आणि ऑफर घेऊन जातो. यात नुसती इंग्रजीची गोष्ट नाही. ‘मी मी’ करू नये हे आपल्याकडे लहानपणीच शिकवतात, आणि पॅसिव्हची दहा वर्षांची घोकंपट्टी त्या सवयीला छान लपायला जागा देते.

मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी येऊन २०००पासून पाव शतक उलटलं. शिक्षकांना दोष द्यायचा नाहीये. एका वर्गात साठ पोरं, डोक्यावर पोर्शन, आणि पेपरात येतं तेच शिकवावं लागतं. रूपं पाठ हवीतच, पाढ्यांसारखी. त्याशिवाय पुढचं सगळं हवेतच. पण पाढे पाठ झाल्यावर आपण पोरांना बाजारात हिशोबाला पाठवतो की नाही? तसं इथे कुणी पाठवतच नाही.

माझ्यापुरतं मी एक करतो. ‘चेंज द व्हॉईस’ संपलं की वहीत आणखी तीन प्रश्न लिहायला लावतो. हे कुणी केलं? वाचणाऱ्याला ते कळायला हवं का? नसेल लिहिलं, तर फायदा कुणाचा? वाक्यं पुस्तकातली नाहीत. एसटी स्टँडवरची सूचना, ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची नोटीस, पेपरातली चौकट, आणि बारावीच्या पुढच्यांसाठी त्यांचा स्वतःचा बायोडेटा. पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येईल, या वाक्यावर पोरं पाऊण तास भांडू शकतात. त्यातल्या दोघांनी मग ‘कोण बंद ठेवणार आणि का’ एवढंच विचारणारा अर्ज लिहिला, कर्त्यासकट, खाली स्वतःची नावं घालून.

एवढं व्याकरण आलं तरी पुष्कळ झालं. तुमच्याही गावाकडे पोरं असतील. पुढच्या सुट्टीत एखादी नोटीस घेऊन बसा त्यांच्याबरोबर.