पटावरचा पराक्रम पानावर कधी?

नाशिकचा विदित गुजराथी २०१३ साली ग्रँडमास्टर झाला आणि २०२४च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघातही होता. त्याच्याही खूप आधी, १९७४ साली, पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली होती. परंतु द्वारका परिसरातील एखाद्या शाळकरी मुलाला या परंपरेविषयी सविस्तर वाचायचे झाल्यास त्याला इंग्रजीचेच दार ठोठवावे लागते.

इंग्रजी विकिपीडियावर बुद्धिबळाचा स्वतंत्र प्रकल्प आहे. देशोदेशीचे स्वयंसेवक खेळाडू, स्पर्धा आणि डाव यांवर लेख लिहितात, संदर्भ तपासतात, परस्परांच्या चुका दुरुस्त करतात, तेही विनामोबदला. मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे, मात्र या विषयात तो फार मागे आहे.

दोष भाषेचा नव्हे. वजीर, उंट, प्यादे, किल्लेकोट हे शब्द मराठीत रुळलेले आहेत. उणीव आहे ती लिहिणाऱ्या हातांची. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी पारतंत्र्यात ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. आज तर छापखानाही नको. हवी आहे ती शिस्त. गौरवाची विशेषणे तेथे टिकत नाहीत आणि ते योग्यच आहे; टिकते ती पुराव्यासह केलेली नोंद.

निवृत्त शिक्षक, बुद्धिबळ प्रशिक्षक आणि महाविद्यालयीन तरुण यांनी मिळून आठवड्याला एक नोंद जरी सिद्ध केली, तरी पुढच्या पिढीला आपला इतिहास आपल्या भाषेत वाचता येईल. अभिमान मिरवण्यापेक्षा तो लिहून ठेवणे अधिक मोलाचे!