एकट्या मास्तरांची गोष्ट? नव्हे!

'स्टँड अँड डिलिव्हर' हा 1988 चा चित्रपट पुन्हा पाहिला की त्याच्याविषयीची दोन मतं आठवतात. भाविक म्हणतात, गुरू असावा तर असा. एकट्याने वर्ग तारला. शंकेखोर म्हणतात, हे सिनेमातच घडतं. अपूर्णांकाशी अडणारी पोरं दोन वर्षांत कॅल्क्युलस सोडवत नसतात.

शंकेखोरांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. चित्रपट ज्यांच्यावर बेतला आहे ते गणिताचे शिक्षक हायमे एस्कलान्ते पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफिल्ड हायस्कूलमध्ये 1974 मध्ये रुजू झाले. कॅल्क्युलसचा पहिला वर्ग सुरू झाला तो 1978 मध्ये, आणि त्यातली दोनच मुलं परीक्षेत उत्तीर्ण झाली. 1982 चं यश त्यानंतरचं. दिग्दर्शक रमोन मेनेन्देस यांनी या वर्षांची घडी घातली, हे खरं. पण घडी घातल्याने कापड खोटं ठरत नाही. 1982 मध्ये 18 जण परीक्षेला बसले, 18 उत्तीर्ण झाले. काही उत्तरांत सारख्याच चुका आढळल्या म्हणून परीक्षा घेणाऱ्या संस्थेने 14 जणांवर संशय घेतला. त्यांपैकी 12 जण पुन्हा परीक्षेला बसले आणि बाराही जण उत्तीर्ण झाले. मेक्सिकन मजुरांच्या वस्तीतल्या मुलांना हे झेपणार नाही म्हणणाऱ्यांनी आता कशाचा आधार घ्यायचा?

चित्रपटाचं खरं मोल मला वर्गातल्या प्रसंगांत दिसतं. एडवर्ड जेम्स ओल्मोस यांनी रंगवलेला शिक्षक आचाऱ्याचा पोशाख चढवून सफरचंदं कापतो आणि अपूर्णांक शिकवतो. समुद्रकाठच्या वाळूत खणलेल्या खड्ड्यातून ऋण संख्या समजावतो. शून्याची कल्पना तुमच्या माया पूर्वजांना होती, असं तो पोरांना ठणकावून सांगतो. (शून्यावरचा आपला हक्क ठाऊक असलेल्या मराठी प्रेक्षकालाही इथे त्या पोरांचा ताठ झालेला कणा आवडावा.) शिक्षकांवरच्या किती चित्रपटांत विषय नुसता नावाला असतो! इथे गणित शिकवलं जातं, पाठ करून घेतलं जातं, चुकलं तर पुन्हा करायला लावलं जातं. मुलांची कीव करून त्यांना सोपं काही देणं हा अपमान आहे, ही या चित्रपटाची भूमिका मला शंभर टक्के पटते.

म्हणूनच भाविकांशी माझं भांडण मोठं आहे. त्यांच्या आरतीत बाकीचे सगळे गळतात. बेन हिमेनेस हे सहकारी शिक्षक एस्कलान्तेंच्या बरोबरीने पाया घालत होते. प्राचार्य हेन्री ग्रॅडिलास यांनी जुजबी अंकगणिताचे वर्ग घटवून मुलांना बीजगणिताकडे वळवलं. पुढे ईस्ट लॉस एंजेलिस कॉलेजात उन्हाळी वर्ग भरू लागले. 1987 मध्ये कॅल्क्युलसच्या पहिल्या पातळीच्या परीक्षेत 73 मुलं उत्तीर्ण झाली, ती या सगळ्या साखळीमुळे. मग ग्रॅडिलास शाळेतून गेले, नव्या प्रशासनाशी जमलं नाही, 1991 मध्ये एस्कलान्तेही गेले.

चमत्कारी मास्तरांची वाट पाहणं सोयीचं असतं. तोवर शाळेच्या वेळापत्रकाला, वर्गातल्या गर्दीला, खालच्या इयत्तांतल्या कच्च्या गणिताला कुणी हात लावायला नको. साखळी तुटल्यावर गारफिल्डमध्ये 1996 साली त्याच पहिल्या पातळीच्या परीक्षेत सातच जण उत्तीर्ण झाले. वस्ती तीच होती, मुलं तशाच घरांतली होती. त्यांच्यात कुवत नव्हती असं म्हणण्याची हिंमत 1982 नंतर कुणीही करू नये.