जुनें फिरतें घर आणि त्यांतील नवें ओझें

एका वाचकभगिनींचें पत्र आलें आहे. त्यांचे चिरंजीव अमेरिकेंत, ॲरिझोना संस्थानांत, सहकुटुंब राहतात. त्यांनीं मोटारीमागें जोडून ओढावयाचें एक जुनें फिरतें घर, तिकडील भाषेंत ट्रॅव्हल ट्रेलर, अल्प किंमतीस घेतलें असून, आंतील सामान काढून त्यांत दोन डर्ट-बाईक नेतां येतील अशी व्यवस्था ते स्वहस्तें करणार आहेत. रात्रीं मुलाबाळांसह निजावयाचेंही त्यांतच. "सून भीत आहे, मुलगा हंसतो आहे, आणि आम्हीं येथून काय सांगावें तें कळत नाहीं," असें त्या लिहितात. प्रश्न एका घरचा असला तरी ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत अशा पुष्कळ घरांचा तो होऊं शकतो; म्हणून या महिन्यांत त्याचाच विचार करूं.

प्रथम या वस्तूंची ओळख. डर्ट-बाईक म्हणजे रानांत, वाळवंटांत व डोंगरवाटांवर चालविण्याची हलकी मोटारसायकल. १९७१ सालच्या 'ऑन एनी संडे' या चित्रपटानें हा छंद अमेरिकेंतील सामान्य घरांत फार लोकप्रिय केला. कॅलिफोर्नियांतील इंपीरियल वाळूच्या टेकड्या किंवा जॉन्सन व्हॅली या ठिकाणीं सुट्टीच्या दिवसांत अशा गाड्यांचा मेळाच भरतो. शर्यतीच्या जातीच्या बहुतेक गाड्यांना दिवे नसतात व सार्वजनिक रस्त्यावर त्या चालविण्याची परवानगी नसते. अर्थात् रानापर्यंत त्यांना वाहून न्यावें लागतें. चारशेंपन्नास घनसेंटिमीटर एंजिनाची अशी गाडी इंधनासह सुमारें ११० किलो भरते. त्यासाठीं मागें उघडणारें दार असलेलीं तयार फिरतीं घरें मिळतात, पण तीं महाग असतात. तेव्हां जुन्या वस्तूचा उपयोग करून घेण्याची चिरंजीवांची बुद्धि काटकसरीची आहे. तिला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. मात्र काटकसर कोठें करावी व कोठें करूं नये हें समजलें पाहिजे.

जुन्या फिरत्या घराची बांधणी कशी असते तें पाहावें. खालीं पोलादी सांगाडा, त्याखालीं आंस, पाटे व चाकें. सांगाड्यावर लांकडी चौकट व प्लायवूडची जमीन. भिंती म्हणजे बारीक लांकडी पट्ट्यांचा सांपळा, बाहेरून अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा व आंतून पातळ प्लायवूड. एकेक भिंत पाहिली तर ती हातानें हलेल इतकी अशक्त असते. परंतु कपाटें, मधल्या आडभिंती, स्वयंपाकाचा ओटा, बांकें हीं सर्व एकमेकांस व छपरास धरून असतात, आणि त्या परस्पराधारानें तें घर रस्त्यावरील हादरे सोसतें. आपल्या एकत्र कुटुंबासारखेंच हें आहे. जो कोपऱ्यांत निमूट बसलेला दिसतो त्याच्यावरही कांहीं भार असतो, आणि तो निघून गेल्यावरच तें कळतें. म्हणून कपाट काढतांना त्यानें कशास धरलें होतें हें आधीं पाहावें, व त्या जागीं नवा खांब किंवा कैची द्यावी. सर्व एकदम उपटून मग विचार करणें हा क्रम उलटा होय.

त्याहूनही आधींचें काम म्हणजे कुजकें लांकूड शोधणें. छपराच्या सांध्यांतून, खिडक्यांच्या कडांतून पाणी वर्षानुवर्षें झिरपतें आणि बाहेरचा पत्रा चकचकीत असतांना आंतील लांकूड भुसभुशीत होतें. बोथट दाभण घेऊन जमिनीचे कोपरे, मागच्या भिंतीचा तळ व खिडक्यांखालील भाग टोंचून पाहावे. दाभण सहज आंत शिरलें तर तें लांकूड बदललेंच पाहिजे. त्यावर नवी फळी ठोकणें म्हणजे जखमेवर धुतलेलें वस्त्र गुंडाळण्यापैकीं आहे.

मागच्या भिंतीस दार पाडावयाचें तर ती भिंत नुसती कापून चालत नाहीं. ज्या चौकटीवर छपराचें मागील टोंक टेकलेलें असतें तीच आपण तोडतों. याकरितां पोलादी नळ्यांची नवी चौकट करून तिचे दोन्ही खांब खालच्या सांगाड्यास झाळून घ्यावे, आणि वर आडवी तुळई द्यावी. लांकडांत स्क्रू पिळून केलेली चौकट पहिल्याच दूरच्या प्रवासांत ढिली होते. हें काम झाळकाम जाणणाऱ्याकडूनच करवून घ्यावें. येथें वांचविलेले पैसे हे वांचविलेले नव्हेत.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट, ती म्हणजे तोल. आपल्याकडील गाडीवानास हें कोणी शिकवावें लागत नाहीं. ओझें मागें जास्त झालें कीं गाडी उलाळते, जूं बैलांच्या मानेवरून वर उचलतें. फिरत्या घराचेंही तसेंच. आंस हा टेकू आणि पुढील दांडी मोटारीस जोडलेली. अमेरिकेंतील परिपाठ असा आहे कीं, एकूण वजनाच्या शेंकडा १० ते १५ इतका भार त्या दांडीवर असावा. तो फार कमी झाला तर वेग येतांच ट्रेलर सापासारखा डावीउजवीकडे झुलूं लागतो, आणि तें झुलणें वाढत जाऊन ओढणाऱ्या मोटारीसही उलथून टाकूं शकतें.

शाळेंतील तरफेचा नियम येथें लावून पाहूं. समजा, घराचें वजन १,६०० किलो व दांडीवरील भार २०० किलो, म्हणजे शेंकडा साडेबारा. हें योग्य झालें. आंसापासून जोड ४ मीटर पुढें आहे. आतां २२० किलोंच्या दोन बाईका आंसाच्या २ मीटर मागें ठेवल्या, तर त्या दांडीवरील ११० किलो भार उचलून घेतात. एकूण वजन १,८२० झालें, पण दांडीवर उरले ९०. म्हणजे शेंकडा पांचही नाहीं! त्याच बाईका बरोबर आंसावर उभ्या केल्या तर दांडीवर २०० किलोच राहतात व प्रमाण शेंकडा ११ पडतें. ओझें तेंच, गाडी तीच. केवळ दोन मीटरांच्या फरकानें एक प्रवास निर्भय व दुसरा जीवघेणा होतो. शिवाय पुढच्या बाजूचा ओटा किंवा कपाट काढलें असेल तर दांडीवरील भार आणखी घटतो, हेंही ध्यानांत ठेवावें. अंदाजावर न विसंबतां ट्रकांच्या वजनकाट्यावर एकूण वजन व दांडीवरील भार हीं दोन्ही मोजून घ्यावीं. घराच्या बाहेरील अंगास एक पट्टी लाविलेली असते; तीवर लिहिलेल्या कमाल वजनापलीकडे जाऊं नये. त्या हिशेबांत पाणीही धरावें, कारण ४० अमेरिकन गॅलनांची टांकी भरली कीं सुमारें १५० किलो वाढतात.

गाडी जोडास लावलेली असल्याशिवाय बाईक चढवूं नये. सुटें घर असतांना मागच्या टोंकावर वजन आलें तर तें उलाळून चढविणाराच खालीं सांपडावयाचा. चढाच्या फळीचीही लांबी पाहावी. जमीन ६० सेंटिमीटर उंच व फळी १८० सेंटिमीटर लांब असेल तर बाईकच्या वजनाच्या एकतृतीयांश, म्हणजे सुमारें ३७ किलोंचा जोर लावावा लागतो. फळी जितकी आंखूड तितका जोर अधिक.

आंत आल्यावर बाईक बांधण्याच्या कड्या नुसत्या प्लायवूडमध्यें बसवूं नयेत. बोल्ट आरपार नेऊन खालच्या पोलादी सांगाड्यास आवळावे. पुढील चाकास अडसर, आणि प्रत्येक बाईकला पुढून दोन व मागून दोन असे चार पट्टे असावे. अचानक ब्रेक लागल्यावर सुटलेली बाईक पातळ भिंत फोडून पुढें जाते. चालत्या ट्रेलरमध्यें मुलांस किंवा कोणासही बसवूं नये. अनेक संस्थानांत तसें करण्यास कायद्यानेंच बंदी आहे.

ब्रेकांविषयीं एक बारीक गोष्ट सहज निसटते. बऱ्याच संस्थानांत ३,००० पौंडांहून, म्हणजे सुमारें १,३६० किलोंहून, जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. ट्रेलर मोटारीपासून तुटला तर एक तार खेंचली जाऊन ते आपोआप लागतात. पण त्यास वीज लागते ती ट्रेलरवरील बॅटरीची. आंतील दिवे-पंखे नकोत म्हणून बॅटरीच काढून टाकली तर हा शेवटचा रक्षकही निघून जातो. तसेंच टायर पाहावे. त्यांच्या अंगावर चार आंकडे एकत्र असतात. २३१९ असें असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यांत तो बनला. उभ्या गाडीचा टायर झिजत नाहीं, पण वयानें कुजतो. पांच-सहा वर्षांनीं तो बदलणें हाच शहाणपणा.

शेवटीं सूनबाईंच्या भीतीकडे येतों, आणि मी निःसंशय त्यांच्या बाजूचा आहें. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असते. ती जमिनीलगत पसरते. जुन्या घरांतील पाणी तापविण्याचें यंत्र, शेगडी व गॅसवर चालणारें शीतकपाट यांच्या ज्योतीही बहुधा खालींच असतात. ही वाफ आणि ती ज्योत बंद खोलींत भेटल्यास काय होईल तें सांगावयास नको. दुसरा शत्रु म्हणजे एंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाहीं, वास नाहीं, आणि निजलेल्या माणसास तो जागें होऊं देत नाहीं. याकरितां नियम कडक असावे. बाईक आंत सुरू करूं नये. विजेचें जनित्र खिडकी-दारापासून दूर ठेवावें. रात्रीं बाईका व पेट्रोलचे डबे बाहेर काढून साखळीनें बांधावे, दार उघडें ठेवून हवा खेळूं द्यावी, मगच अंथरूणें घालावीं. जमिनीलगत दोन्ही बाजूंस वायुवीजनाच्या जाळ्या असाव्या. धूर, गॅस व कार्बन मोनॉक्साइड यांची सूचना देणारीं यंत्रें नवीं बसवावीं. जुन्यांवर विश्वासूं नये, कारण त्यांचेंही आयुष्य मर्यादितच असतें.

भगिनींनीं चिरंजीवांस "हें करूं नकोस" असें लिहूं नये. मुलगा कर्ता आहे. निषेध केल्यास तो करील, पण सांगणार नाहीं. त्यापेक्षां पांचच प्रश्न विचारावे. लांकूड टोंचून पाहिलेंस काय? मागची चौकट पोलादाची आहे काय? भरलेली गाडी काट्यावर घातलीस काय? ट्रेलर तुटल्यास ब्रेक लागतात हें तार ओढून पाहिलेंस काय? आणि नातवंडें निजतील तेव्हां पेट्रोल कोठें असेल? पांचांचें उत्तर सरळ आलें, तर खुशाल आशीर्वाद द्यावा. एकाचें जरी टाळलें गेलें, तर तें उत्तर येईपर्यंत सूनबाईंनीं व मुलांनीं तंबूंत निजावें. वाळवंटांतील आकाश त्या दृष्टीनें वाईट नाहीं.